मर लागलेल्या रानात लावायला फ्रांतोइओ ऑलिव्हची रोपं घेतली, त्याचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगते म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचं काम होईल. तुमच्या रानात व्हर्टिसिलियमची मर, म्हणजे जमिनीतल्या बुरशीने झाड वाळवणारा रोग असेल आणि तिथे परत ऑलिव्हच लावायचं असेल, तर फ्रांतोइओ या वाणाची सर्टिफाइड, स्वतःच्या मुळावर वाढवलेली (म्हणजे कलम न केलेली) रोपं घ्या, पैसे वसूल आहेत. पण कोणी "या झाडाला मर लागतच नाही" म्हणून विकत असेल तर तिथून सरळ उठून या. माझ्याकडून पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते पुढे येईलच.

मी मूळची परभणीकडची, लग्नानंतर स्पेनमध्ये आले, खाएन प्रांतात. सासऱ्यांची ऑलिव्हची शेती आहे आणि आता नवरा आणि मी मिळून तीच बघतो. खाएन म्हणजे जिकडे बघाल तिकडे ऑलिव्ह, एकट्या या प्रांतात सहा कोटींच्या वर झाडं आहेत आणि त्यातली जवळजवळ सगळी एकाच वाणाची, पिक्वाल. पिक्वालला नावं ठेवायची माझी अजिबात इच्छा नाही, त्याचं तेल लवकर खवट होत नाही, झाड भरपूर धरतं, काढणी सोपी, इथली घरं याच झाडावर उभी राहिलीत. पण या मरीपुढे पिक्वाल पार कोलमडतं. आणि अख्खा प्रांत एकाच वाणावर असला की मग काय होतं ते आपल्याकडे कोणाला वेगळं समजवायची गरज नाही.

मर म्हणजे नक्की काय ते थोडं सांगते कारण ते कळल्याशिवाय रोपाचा रिव्ह्यू कळणार नाही. व्हर्टिसिलियम दालिए नावाची बुरशी आहे, जमिनीत राहते, मुळातून आत शिरते आणि झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांमध्ये पसरते. झाड स्वतःला वाचवायला त्या नळ्या डिंकाने आणि गाठींनी बंद करायला लागतं, मग वर पाणीच पोचत नाही आणि फांदी वाळते. ऑलिव्हवर ही पहिल्यांदा नोंदली गेली १९४६ मध्ये इटलीत, स्पेनमध्ये १९८० च्या आसपास. बुरशीचे दोन प्रकार मानतात, एक पानं झडवणारा आणि एक न झडवणारा, आणि झडवणारा भयंकर आहे. तो इकडे आधी कापसात दिसला, सेवियाकडे ग्वादालकिविर नदीच्या खालच्या खोऱ्यात, आणि नंतर ऑलिव्हमध्ये पसरला. म्हणजे जुन्या कापसाच्या रानात पिक्वाल लावलं की संपलंच. वांगी, टोमॅटो, बटाटा, मिरची यांच्यावर पण हीच बुरशी वाढते, गहू-बार्लीवर मात्र नाही.

सगळ्यात वाईट गोष्ट ही की तिच्या बारीक काळ्या गाठी, ज्यांना मायक्रोस्क्लेरोशिया म्हणतात, त्या जमिनीत दहा-दहा वर्षं आणि त्याहून जास्त जिवंत राहतात. झाड उपटून टाकलं, जाळलं, तरी जमीन तशीच. औषध नाही. कुठलंही बुरशीनाशक सोडून मेलेलं झाड परत येत नाही, येतं असं सांगून बाटल्या विकणारे इथे पण आहेत, तर तिकडे पैसे घालवू नका. उन्हाळ्यात प्लास्टिक अंथरून माती तापवणं, पाणी कमी देणं, रोटर कमी मारणं, ट्रॅक्टरची चाकं धुणं, आजारी झाडाखालची गळलेली पानं उचलणं, हे सगळं करायचं असतं आणि आम्ही करतो, पण मुळात झाडच दम धरणारं पाहिजे.

आमच्याकडे पाटाच्या कडेचा एक पट्टा आहे तिथे हे सुरू झालं. हिवाळा सरता सरता एखादी अख्खी फांदी करपल्यासारखी होते, पानं आतल्या बाजूला वळतात, रंग मळकट होतो, आणि झडवणारा प्रकार असेल तर पानं हिरवी असतानाच खाली पडतात, फांदीला नुसता हात लावला तरी सडा पडतो. दुसरं लक्षण वसंतात दिसतं, फुलांचे घोस जागच्या जागी वाळून फांदीला चिकटून राहतात. मी फांदी कापून आतलं लाकूड बघितलं तर कधी तपकिरी छटा दिसली, कधी काहीच नाही, त्यामुळे लाकूड बघून निदान करू नका, लॅबला पाठवा. आणि पाठवताना पूर्ण वाळलेली काडी देऊ नका, अर्धी जिवंत, लक्षण नुकतं दिसायला लागलेली फांदी द्या, आणि वसंतात द्या, कारण भर उन्हाळ्यात ही बुरशी लाकडातून सापडणं अवघड जातं आणि रिपोर्ट उगाच निगेटिव्ह येतो.

तर त्या पट्ट्यात परत काय लावायचं यावरून घरात बरीच चर्चा झाली. सासऱ्यांना पिक्वालच हवं होतं, त्यांचं बरोबरही आहे, त्यांनी आयुष्यभर तेच केलंय. मी परभणीला बीएस्सी अ‍ॅग्री केलंय आणि आमच्या घरी तुरीत मर काय करते ते लहानपणापासून बघितलंय, वडील मग बीएसएमआर ७३६ या मरीला दाद न देणाऱ्या तुरीच्या वाणावर आले आणि त्याच रानात तूर उभी राहिली. फोनवर अप्पांना इथलं सगळं सांगितलं तर ते लगेच म्हणाले, "ताई, रान तेच राहणार, मग वाण बदल ना." इतकं सरळ आहे ते. फक्त तुरीत वाण बदलला तर त्याच हंगामात कळतं, ऑलिव्हमध्ये पुढची पन्नास वर्षं त्या निर्णयासोबत काढायची असतात, म्हणून रोप निवडताना एवढा कीस पाडला.

पर्याय काय होते? मरीला चांगला प्रतिकार दाखवणारे म्हणून तीन वाण सारखे पुढे येतात, फ्रांतोइओ, एम्पेल्त्रे आणि चांगलोत रेआल. यातलं फ्रांतोइओ इटलीतलं, तोस्कानाचं, बाकी दोन स्पेनचीच. हे कोणाच्या सांगण्यावरून नाही, कोर्दोबाला याच्यावर वर्षानुवर्षं काम झालंय. तिथे आलामेदा देल ओबिस्पो या संशोधन केंद्रात जगभरातल्या ऑलिव्ह वाणांची बँक आहे, १९७० मध्ये सुरू झालेली, तिच्यातले वाण घेऊन रोपांची मुळं उघडी करून बुरशीच्या पाण्यात बुडवतात, परत लावतात आणि मग कोण किती झडतं ते आठवडेन्‌आठवडे मोजतात. आणि मग जे टिकले ते खऱ्या आजारी रानात लावून बघतात. ही दुसरी पायरी मला जास्त महत्त्वाची वाटते कारण कुंडीत टिकलेलं सगळंच रानात टिकत नाही.

फ्रांतोइओची एक गोष्ट मला फार आवडते. कॅलिफोर्नियात १९७१ मध्येच तिथल्या संशोधकांनी ओब्लोंगा नावाचा एक ऑलिव्ह खुंट म्हणून, म्हणजे कलमाचा खालचा मुळाकडचा भाग म्हणून, पुढे आणला होता, व्हर्टिसिलियमला तोंड देतो म्हणून, आणि पुढे डीएनए तपासल्यावर ते फ्रांतोइओच निघालं. म्हणजे समुद्राच्या दोन बाजूंना, वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या नावाखाली तपासलं आणि उत्तर एकच आलं. माझा या वाणावर विश्वास बसला तो इथे, नर्सरीच्या माहितीपत्रकामुळे नाही.

आता हा प्रतिकार नक्की कसा चालतो, कारण इथेच विकणारे लोक गोंधळ घालतात. फ्रांतोइओच्या मुळात बुरशी शिरत नाही असं नाहीये, ती शिरते. पण आत तिला पसरता येत नाही, पिक्वालच्या खोडात जेवढी बुरशी सापडते त्याच्या मानाने फ्रांतोइओत खूपच कमी सापडते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं की यातला काही भाग हल्ला व्हायच्या आधीपासूनच असतो, म्हणजे मुळांमधली संरक्षणाची काही जनुकं फ्रांतोइओत नेहमीच जास्त चालू असतात, आणि काही भाग बुरशी आल्यावर जागा होतो. आणि हे एका जनुकाचं काम नाही, बरीच मिळून करतात. ऑलिव्हचा जीनोम, म्हणजे सगळ्या जनुकांचा आराखडा, २०१६ मध्ये पहिल्यांदा वाचला गेला, फार्गा वाणाच्या हजार वर्षांहून जुन्या झाडाचा, त्यात छप्पन्न हजारांच्या आसपास जनुकं मिळाली, त्यातून मरीपुरती नेमकी कोणती हे शोधणं किती किचकट आहे बघा. म्हणूनच "पिक्वालसारखं तेल आणि फ्रांतोइओसारखी मुळं" असं झाड संकर करून पटकन मिळत नाही. बीपासून वाढवलेलं ऑलिव्ह फळावर यायलाच दहा-पंधरा वर्षं घेऊ शकतं, ग्रीनहाउसमध्ये भराभर वाढवून तो काळ कमी करतात तरी थांबावं लागतंच. कोर्दोबा विद्यापीठात २००८ पासून खास मरीसाठी पैदास चालू आहे, हजारो संकर तपासलेत त्यांनी. रानटी ऑलिव्हमध्ये, ज्याला इकडे आसेबुचे म्हणतात, त्यातली काही झाडं पण जबरदस्त प्रतिकार दाखवतात आणि खुंट म्हणून त्यांच्यावर काम सुरू आहे. मला त्यांच्याकडून फार आशा आहे.

बरं, खुंटावरून आठवलं. फ्रांतोइओच्या खुंटावर पिक्वालचं कलम असं रोप पण मिळतं आणि ऐकायला ते एकदम परफेक्ट वाटतं, सासऱ्यांना पण तेच घ्यायचं होतं. आपल्याकडे नाशिक-सांगलीला द्राक्ष डॉगरिजच्या खुंटावर बांधतात तशी कल्पना आहे. पण मरीत अडचण अशी की बुरशी खुंटात अडकून पडेलच याची खात्री नाही, थोडी जरी वर सरकली तरी वरचं लाकूड पिक्वालचंच आहे. काही ठिकाणी कलमांनी चांगला फरक दाखवलाय, पण जमिनीत बुरशी फार असेल तर तेवढा भरवसा देता येत नाही. म्हणून आम्ही पट्ट्यात पूर्ण फ्रांतोइओ लावलं, स्वतःच्या मुळावरचं. त्याच्या काडीला मुळं पण छान फुटतात, त्यामुळे नर्सरीला पण कलम करायची गरज पडत नाही. फायदा असा की पुढे कधी झाड बुडापासून तोडावं लागलं आणि बुंध्यातून फुटवे आले तर ते पण फ्रांतोइओच असणार.

आता प्रत्यक्ष रोपांबद्दल. ज्या नर्सरीतून घेतली तिचं नाव टाकत नाहीये, हा रिव्ह्यू वाणाचा आणि रोपाच्या दर्जाचा आहे, आणि ही रोपं इकडे बऱ्याच जणांकडे मिळतात. त्याआधी दुसऱ्या एका ठिकाणी गेलो होतो तिथे रोपं दिसायला सुंदर, गुडघ्याच्या वर, हिरवीगार, भाव पण कमी. मी लेबल मागितलं तर "सगळी एकाच आईची आहेत, लेबल कशाला" असं उत्तर आलं. फ्रांतोइओ आणि त्याच्यासारखी दिसणारी दुसरी इटालियन रोपं त्या वयात शेजारी ठेवली तर मला ओळखता येत नाहीत, भल्याभल्यांना येत नाहीत, त्यामुळे लेबल नसेल तर तुम्ही वाण विकतच घेत नाही आहात. नुसतं वाणाचंच नाही, ती रोपं कुठल्या मातीत, कुठल्या पाण्यावर वाढली ते पण कळायला हवं, कारण मर पसरायचा एक रस्ता नर्सरीच्या रोपातूनच जातो आणि प्रतिकारक रोप तर लक्षण न दाखवता बुरशी घेऊन येऊ शकतं.

आमच्या रोपांना दोन्ही कागद होते. निळं लेबल म्हणजे सर्टिफाइड, ज्याचं मातृवृक्षापासून रेकॉर्ड आहे. पिवळं असेल तर त्याचे निकष खालच्या पायरीचे असतात, ते बेकायदा नाही पण मरीच्या रानासाठी मी घेणार नाही. आणि दुसरा प्लांट पासपोर्ट, ज्याच्यावर डाव्या कोपऱ्यात युरोपियन युनियनचा झेंडा असतो आणि खाली ए, बी, सी, डी अशा चार ओळी, झाडाचं शास्त्रीय नाव, नर्सरीचा नोंदणी नंबर, लॉटचा कोड आणि देश. डिसेंबर २०१९ पासून लागवडीच्या सगळ्याच रोपांना तो लागतो. लेबलचा फोटो काढून ठेवा आणि लॉटचा कोड वहीत लिहा, शेवटी झाडं कुठून आली हे सिद्ध करायला तेच कामाला येतं.

डिलिव्हरीच्या वेळी आम्ही कुठूनही काही रोपं उचलून कुंडीतून काढून बघितली. मुळं पांढरी, टोकं ताजी, माती हातात धरून राहत होती. काहींची मुळं मात्र तळाशी गोल फिरलेली होती, म्हणजे कुंडीत जास्त दिवस राहिलेली, ती बाजूला काढून परत दिली आणि ती कसलीही खळखळ न करता बदलून मिळाली, हे आवडलं. किंमत साध्या पिक्वालच्या रोपापेक्षा जास्त होती, पण मेलेलं झाड उपटून खड्डा परत भरायचा खर्च बघितला तर ते काहीच नाही.

लावल्यावर आता काही हंगाम झालेत आणि फरक डोळ्यांना दिसतोय. पाटाच्या त्याच कडेला जुन्या पिक्वालच्या फांद्या अजूनही दर वसंतात जातात आणि मधली फ्रांतोइओ उभी आहेत, वाढ पण चांगली घेतलीय. एका रोपाने मात्र वसंतात पानं टाकली, नमुना लॅबला दिला, रिपोर्ट पॉझिटिव्ह. सासरे म्हणाले उपट. कृषी सल्लागार बाईंनी थांबायला सांगितलं, पाणी कमी करायला लावलं, आणि उन्हाळ्याचं ऊन चढलं तशी नवीन फूट आली, आता ते झाड बाकीच्यांच्या थोडं मागे आहे पण जिवंत आहे. कडक उन्हाळ्यात बुरशीचा जोर ओसरतो आणि झाडाला सावरायला वेळ मिळतो, आणि प्रतिकारक झाड तो वेळ वापरतं. पिक्वालच्या कोवळ्या रोपाला आमच्या त्या पट्ट्यात असं सावरलेलं मी बघितलेलं नाही. हे पॉझिटिव्ह रोप मी मुद्दाम सांगतेय कारण "कधीच लागत नाही" वाल्यांना हेच उत्तर आहे.

आता एक स्टार कशाचा कापला ते. पहिलं म्हणजे हा प्रतिकार एका रोगापुरता आहे आणि लोक तो सगळ्याला धरून चालतात. पानांवर गोल ठिपके पाडणारा रेपीलो वेगळ्या बुरशीचा, व्हेंतुरियाचा, त्याला आम्हाला तांब्याची फवारणी सोडता आलेली नाही. फळ सडवणारी खाबोनोसा अजून वेगळी, कोलेटोट्रायकमची. आणि गंमत बघा, मरीत मार खाणारं पिक्वाल खाबोनोसाला चांगलं तोंड देतं, लेचीन दे सेविया रेपीलोला चांगलं आणि खाबोनोसाला एकदम कच्चं. तुमच्या रानात नेमका कुठला रोग त्रास देतोय ते आधी ठरवा, मग वाण निवडा, एका वाणाने तिन्ही सुटत नाहीत.

दुसरं, थंडी. फ्रांतोइओ गारठ्याला कच्चं आहे. त्याच्या घरच्याच तोस्कानात १९८५ च्या जानेवारीत असा गारठा पडला की ऑलिव्हच्या बागाच्या बागा जळाल्या. आमचा पट्टा खालच्या अंगाला आहे, थंड हवा तिथेच साचते, त्यामुळे कोवळ्या रोपांना पहिले हिवाळे मी जपले. डोंगराकडच्या उंच रानासाठी मी हे वाण डोळे झाकून सुचवणार नाही.

तिसरं, काढणी. फ्रांतोइओ उशिरा आणि थोडं थोडं करून पिकतं, पिक्वालसोबत एकाच फेरीत काढायचं म्हटलं तर एक कच्चं जातं नाहीतर दुसरं जास्त पिकतं. आमच्यासारखा मोजका पट्टा असेल तर आल्माथारावाले, म्हणजे तेल गाळणारे, वेगळं गाळून देतीलच असं नाही. आणि ज्यांचं तेल डेनोमिनासिओन दे ओरिखेनच्या, म्हणजे त्या त्या भागाच्या नावाच्या, शिक्क्याखाली जातं त्यांनी रोपं बुक करायच्या आधी नियम वाचा, तिथे कुठले वाण चालतात ते ठरलेलं असतं. तेलाची चव मात्र मस्त आहे, हिरवी, थोडी कडवट, घशाला तिखट लागणारी. मी वरणावर तुपाऐवजी एकदा घालून बघितलं, सासऱ्यांना वरण आवडलं, मला तूपच हवं.

महाराष्ट्रातून दोन-तीन जणांनी मला विचारलंय की ही रोपं तिकडे मागवता येतील का, सोलापूरकडे डाळिंब मरीने गेलंय तिथे ऑलिव्ह लावू का. नका लावू. ऑलिव्हला फुलायला हिवाळ्यात चांगली थंडी लागते, ती आपल्याकडे पठारावर मिळत नाही, झाड हिरवं राहील पण फळ धरणार नाही. राजस्थानात इस्राएलच्या मदतीने २००८ पासून लागवड झाली, त्यात फ्रांतोइओ पण होतं, पण तिथला हिवाळा आणि सोलापूरचा हिवाळा यात खूप फरक आहे. आणि डाळिंबाची मर वेगळ्या बुरशीची आहे, सेराटोसिस्टिसची, तिथे फ्रांतोइओच्या प्रतिकाराचा संबंध येत नाही. त्या रानात काय लावायचं ते माती तपासून राहुरीच्या कृषी विद्यापीठाला किंवा सोलापूरच्या डाळिंब संशोधन केंद्राला विचारा.

स्पेन, इटली, पोर्तुगाल किंवा कॅलिफोर्नियात कोणी आपले लोक ऑलिव्ह करत असतील तर मातीचा रिपोर्ट काढला असेल तो खाली टाका, एका ग्रॅम मातीत बुरशीच्या किती गाठी आल्या आणि तिथे कुठला वाण उभा आहे एवढं दोनच लिहिलं तरी चालेल. आम्ही पुढच्या हिवाळ्यात वरच्या अंगाला एम्पेल्त्रे लावून बघणार आहोत, रोपं बुक केलीत, निळं लेबल असलेलीच.